ल्यूटेशियमच्या चार मात्रा

माझ्या शरीरात आजवर तीन किरणोत्सर्गी धातू जाऊन आले आहेत. टेक्नेशियमने माझी मूत्रपिंडे किती काम करतात ते मोजले, गॅलियमने गाठी कुठे कुठे आहेत ते दाखवले आणि ल्यूटेशियमने त्या गाठींवर उपचार केला. उपचार सुरू होण्यापूर्वी या तिन्हींविषयी मराठीत वाचायला मला फारसे काही मिळाले नाही. जे मिळाले ते एकतर घाबरवणारे होते किंवा नुसती सूचनांची यादी होती. सूचना पाळणे अवघड नसते, पण अमुक गोष्ट का करायची हे कळले की तीच सूचना पाळताना भीती वाटेनाशी होते. म्हणून जे घडले ते, आणि त्यामागची जी कारणे मी विचारून व वाचून समजून घेतली ती, अशी दोन्ही येथे लिहीत आहे. पदवीला माझे रसायनशास्त्र होते, नोकरी मात्र सारी बँकेत झाली. त्यामुळे समजून घेण्याची ओढ जुनी असली तरी सुरुवात पुन्हा पहिल्यापासूनच करावी लागली.

माझ्या आजाराचे नाव न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात त्याची सुरुवात झाली होती आणि निदान होईपर्यंत तो यकृतात पसरला होता. हा कर्करोगच आहे, पण बहुधा सावकाश वाढणारा. ज्या पेशींपासून तो होतो त्या संप्रेरके तयार करणाऱ्या असतात. माझ्या गाठी सेरोटोनिन आणि तत्सम द्रव्ये रक्तात सोडत होत्या, आणि त्यामुळे चेहरा व गळा अचानक लाल होऊन तापणे आणि दिवसातून अनेकदा जुलाब होणे असे दोन त्रास मला होते. पन्नाशीतल्या बाईने चेहरा तापतो म्हणून सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात रजोनिवृत्ती येते, आणि जुलाबाचे सांगितले की आतडे नाजूक आहे, काळजी करू नका, असे उत्तर मिळते. दोन तक्रारींवर दोन ठिकाणी वेगवेगळी औषधे कितीतरी काळ चालू राहिली. या दोन तक्रारी एकाच वेळी असतील तर त्या एकत्र सांगाव्यात, आणि सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनचा आग्रह धरावा, एवढे मी वाचकांना आवर्जून सांगेन. पुढे बायोप्सी झाली, चोवीस तासांची लघवी साठवून तपासली गेली (त्याआधी केळी, अननस, टोमॅटो, अक्रोड हे सगळे बंद, कारण त्यांत सेरोटोनिन असते आणि तपासणीचा आकडा फुगतो), आतड्यातील मूळ गाठ शस्त्रक्रियेने काढली गेली आणि यकृतातील गाठींसाठी दर चार आठवड्यांनी ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन सुरू झाले. त्या इंजेक्शनाने त्रास बराच कमी झाला आणि काही काळ गाठीही थांबल्या. नंतर त्या पुन्हा वाढू लागल्या, आणि तेव्हा मुंबईतल्या न्यूक्लियर मेडिसिनच्या, म्हणजे किरणोत्सर्गी औषधांनी तपासणी व उपचार करणाऱ्या, डॉक्टर मॅडमकडे मला पाठवण्यात आले.

त्यांनी पहिल्याच भेटीत उपचाराचे तत्त्व सांगितले. शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचे एक संप्रेरक असते आणि ते पेशींवरील ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर्सना) जाऊन चिकटते. माझ्यासारख्या गाठींच्या पेशींवर हे ग्राही फार मोठ्या संख्येने असतात. नैसर्गिक सोमॅटोस्टॅटिन रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते, म्हणून त्याच्यासारखाच पण टिकाऊ असा एक लहान प्रथिनांश प्रयोगशाळेत तयार केला गेला. त्या प्रथिनांशाला डोटा नावाचा पिंजऱ्यासारखा रेणू जोडला की त्या पिंजऱ्यात धातूचा एक अणू घट्ट अडकवता येतो. धातू कोणता अडकवायचा यावर पुढचे सगळे ठरते. गॅलियम-68 अडकवला तर गाठी दिसतात, ल्यूटेशियम-177 अडकवला तर गाठींवर मारा होतो. वाहक जवळजवळ तोच राहतो. याचा फायदा असा की उपचार देण्याआधीच तो कुठे पोहोचेल हे डोळ्यांनी पाहता येते. ज्याच्या गाठी गॅलियमच्या चित्रात उजळत नाहीत, त्याला ल्यूटेशियम देऊन उपयोग नसतो, आणि हे आधी कळणे ही रुग्णाच्या दृष्टीने मोठीच गोष्ट आहे.

गॅलियम-68 चे अर्धायुष्य 68 मिनिटांचे असते, म्हणजे सव्वा तासाच्या आतच तो निम्मा उरतो. असा धातू दुरून मागवता येत नाही. रुग्णालयातच जर्मेनियम-68 चे एक छोटे उपकरण असते, त्यातील जर्मेनियम हळूहळू गॅलियममध्ये बदलत राहतो आणि सकाळी तो धुऊन काढून औषध तयार केले जाते. माझ्या स्कॅनमध्ये यकृतातील गाठी निरोगी यकृतापेक्षा कितीतरी अधिक उजळल्या होत्या, आणि मांडीच्या हाडात एक लहान ठिपकाही दिसला, जो सीटी स्कॅनमध्ये आढळला नव्हता. तो ठिपका पाहून मी खचले. मॅडम म्हणाल्या, “जे दिसतंय तिथपर्यंत औषध पोहोचणार आहे, काकू. न दिसणाऱ्या गाठींची मला जास्त काळजी असते.” त्या वाक्याने मला खरोखर धीर आला.

मग टेक्नेशियमची पाळी. हे मूलद्रव्य 1937 साली इटलीतील पालेर्मो येथे कार्लो पेरिये आणि एमिलिओ सेग्रे यांनी शोधले, आणि त्याचा एकही समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे रूप) स्थिर नाही. त्याचे टेक्नेशियम-99एम हे रूप सहा तासांत निम्मे होते आणि जगभरच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागांत सर्वाधिक वापरले जाते. माझ्या बाबतीत त्याचे काम एकच होते: प्रत्येक मूत्रपिंड मिनिटाला किती रक्त गाळते ते मोजणे. ल्यूटेशियमच्या उपचारात मूत्रपिंडांना जपावे लागते, का ते पुढे येईलच.

ल्यूटेशियम हा दुर्मिळ मृदा धातूंपैकी अखेरचा, अणुक्रमांक 71. 1907 साली पॅरिसमध्ये जॉर्ज उर्बें यांनी तो वेगळा ओळखला. त्याच सुमारास ऑस्ट्रियात कार्ल आउअर फॉन वेल्सबाख आणि अमेरिकेत चार्ल्स जेम्स हेही स्वतंत्रपणे तिथवर पोहोचले होते. निसर्गात सापडणारे बहुतेक ल्यूटेशियम 175 वस्तुमानांकाचे असते आणि अडीच टक्क्यांच्या आसपास 176 चे. औषधासाठी हवे असलेले 177 तयार करावे लागते. ल्यूटेशियम-176 चे प्रमाण वाढवलेला नमुना अणुभट्टीत ठेवला की त्याचे अणू न्यूट्रॉन शोषून 177 होतात, आणि या धातूची न्यूट्रॉन शोषण्याची ताकद एवढी मोठी आहे की हा मार्ग व्यवहार्य ठरतो. हे काम आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील ध्रुव या अणुभट्टीत होते. ही भट्टी 1985 पासून चालू आहे. मुंबईला येता-जाता आण्विक ऊर्जा म्हणजे वीज आणि बॉम्ब एवढेच माझ्या डोक्यात असे. तुर्भ्याच्या टेकडीमागे ठरवून तयार केलेला धातू एक दिवस माझ्या शिरेत जाईल, हे कुणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. परदेशातून औषध येण्याची वाट पाहावी लागली असती तर खर्च आणि वेळ या दोन्ही बाबतीत माझ्यासारख्या अनेक कुटुंबांना हा उपचार परवडला नसता, आणि या देशी उत्पादनाविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

ल्यूटेशियम-177 चे अर्धायुष्य साडेसहा दिवसांहून थोडे अधिक आहे. याचा अर्थ औषध साठवून ठेवता येत नाही, पण ते तयार करून रुग्णालयात आणायला पुरेसा अवधी मिळतो. त्यातून मुख्यतः बीटा कण बाहेर पडतात, आणि ते शरीराच्या ऊतीत जास्तीत जास्त दोन मिलिमीटर जातात, सरासरीने एक मिलिमीटरही नाही. गाठीच्या पेशीला चिकटलेले औषध पेशीच्या आत ओढले जाते आणि तिथून निघणारे कण त्या पेशीतील व आसपासच्या पेशींतील डीएनए तोडतात. चार-पाच मिलिमीटरवरच्या निरोगी पेशीपर्यंत ते पोहोचत नाहीत. याशिवाय थोडे गॅमा किरणही निघतात. ते शरीराबाहेर येतात, म्हणूनच रुग्णाला काही काळ वेगळे ठेवावे लागते, आणि त्याच किरणांमुळे औषध कुठे बसले आहे याचे चित्रही काढता येते.

चार मात्रा, दोन मात्रांमध्ये साधारण आठ आठवडे आणि प्रत्येक मात्रा 200 मिलिक्युरी (किरणोत्सार मोजण्याचे एकक), असे ठरले. आधीचे लांब पल्ल्याचे ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन चार आठवडे थांबवायचे होते, कारण तेही त्याच ग्राहींना चिकटते आणि ल्यूटेशियमची जागा अडवते. ते चार आठवडे मला उपचाराच्या दिवसांपेक्षा जड गेले. जुलाब परत आले, चेहरा तापू लागला. मधल्या काळात कमी मुदतीची इंजेक्शने घ्यावी लागली आणि तीही आदल्या दिवशी बंद केली.

पहिल्या मात्रेच्या दिवशी सकाळी दोन्ही हातांना सलाईनच्या सुया लावल्या. एका हातातून अमिनो आम्लांचे द्रावण, दुसऱ्यातून औषध. आधी अमिनो आम्ले सुरू झाली, आणि येथेच मूत्रपिंडांचा प्रश्न येतो. औषधाचा जो भाग गाठींना चिकटत नाही तो मूत्रपिंडांतून गाळला जातो, पण मूत्रपिंडे लहान प्रथिनांश वाया जाऊ देत नाहीत, ती त्यांना परत शोषून घेतात. या सवयीमुळे किरणोत्सर्गी औषध तिथे अडकून राहण्याची भीती असते. लायसिन आणि आर्जिनिन ही अमिनो आम्ले भरपूर दिली की, गाडीला आधीच गर्दी असावी आणि मागून आलेल्याला दाराशीही जागा मिळू नये, तसे काहीसे होते: शोषणाची वाट त्यांनीच व्यापलेली असते आणि ल्यूटेशियम लघवीवाटे निघून जाते. हे द्रावण औषधाच्या अर्धा तास आधी सुरू करतात आणि पुढे काही तास चालू ठेवतात. त्याने मळमळ होते. उलटीविरुद्धचे इंजेक्शन दिले असूनही पहिल्या खेपेला मला उलट्या झाल्या, आणि तो किरणोत्साराचा परिणाम असावा असे वाटून मी घाबरले. प्रत्यक्षात औषध तेव्हा अजून सुरूही झाले नव्हते. दुसऱ्या खेपेपासून द्रावणाची गती कमी ठेवली आणि त्रास पुष्कळ कमी झाला.

औषध आले ते शिशाच्या जाड भांड्यात, चाकांच्या गाडीवरून. भौतिकशास्त्रज्ञ मॅडमनी बाटलीतील किरणोत्सार मोजून नोंद केली. मी विचारले म्हणून त्यांनी सांगितले की या संपूर्ण मात्रेतील किरणोत्सर्गी ल्यूटेशियमचे वजन दोन मायक्रोग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि तरी त्यातील 740 कोटी अणू दर सेकंदाला फुटत आहेत. ते द्रव पाण्यासारखे रंगहीन होते. अर्ध्या तासात ते शिरेत गेले. ना जळजळ, ना उष्णता, ना कसला वास. मला काहीही जाणवले नाही. संपल्यावर रिकामी बाटली पुन्हा मोजली गेली, म्हणजे मात्रा पूर्ण गेली की काही मागे राहिले ते कळते. माझ्यापासून एक मीटरवर उपकरण धरून माझेही मोजमाप झाले. त्या खोलीतील प्रत्येकाच्या छातीवर स्वतःला मिळालेला किरणोत्सार नोंदवणारा बॅज होता. ही माणसे रोज हे काम करतात आणि वर्षानुवर्षे करत राहणार आहेत; माझ्याशी बोलताना ती दूर उभी राहत होती याचे सुरुवातीला मला वाईट वाटले, बॅज पाहिल्यावर वाटेनासे झाले.

त्यानंतर वेगळ्या खोलीत राहायचे होते. खोली स्वच्छ आणि हवेशीर होती. शौचालय मात्र नेहमीच्या गटाराला जोडलेले नव्हते. तेथील सांडपाणी आधी खास टाक्यांत साठवतात आणि किरणोत्सार पुरेसा उतरल्यावरच पुढे सोडतात. त्यामुळे भरपूर पाणी पिणे, वारंवार लघवीला जाणे, दोनदा फ्लश करणे या सूचनांना अर्थ येतो: चिकटायचे तेवढे औषध गाठींना चिकटले की उरलेले लवकरात लवकर बाहेर पडावे आणि जिथे पडायला हवे तिथेच पडावे. पहिल्या चोवीस तासांत निम्म्याहून अधिक औषध असे बाहेर पडते. जेवण दारातून आत सरकवले जाई, सिस्टर फोनवर विचारपूस करीत, आणि माझे यजमान दाराशी आखलेल्या रेषेबाहेर खुर्ची टाकून थोडा वेळ बसत. अंतराचा नियम साधा आहे: दुप्पट दूर गेले की पोहोचणारा किरणोत्सार एक चतुर्थांश होतो, तिप्पट दूर गेले की एक नवमांश. हे त्यांना सांगितले तेव्हापासून त्यांनी खुर्ची स्वतःहून भिंतीपर्यंत मागे नेली आणि आवाज चढवून गप्पा मारल्या. एकटेपणाची मला जी धास्ती होती ती फारशी खरी ठरली नाही. पुस्तक, फोन आणि सारखे पाणी पिणे यांत वेळ जातो.

दुसऱ्या दिवशी गॅमा कॅमेऱ्याखाली स्कॅन झाला. कॅमेऱ्याकडून माझ्या अंगावर काही सोडले जात नव्हते, माझ्याच शरीरातून निघणारे किरण तो टिपत होता. पडद्यावर यकृतातील गाठी ठळक होत्या, मूत्रपिंडे व मूत्राशय फिके दिसत होते, आणि मांडीच्या हाडातील तो ठिपकासुद्धा उजळला होता. गॅलियमच्या चित्राशी ते चित्र जुळत होते. औषध जायचे तिथेच गेले आहे याचा इतका स्पष्ट पुरावा हातात पडणे, हे मला या उपचाराचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते; आधीच्या कोणत्याही औषधाविषयी मला असे काही पाहायला मिळाले नव्हते.

घरी पाठवताना सुमारे आठवडाभराच्या सूचना होत्या: वेगळे झोपायचे, शक्यतो वेगळे शौचालय वापरायचे, कपडे वेगळे धुवायचे, लहान मुलांजवळ आणि गरोदर स्त्रियांजवळ जायचे नाही. आमचा मुलगा मुंबईतच राहतो, पण तेव्हा आमच्या सूनबाईंना दिवस गेले होते, त्यामुळे त्यांच्याकडे उतरण्याचा प्रश्नच नव्हता. डोंबिवलीला माझी थोरली बहीण एकटी राहते, तिने तिची आतली खोली मला दिली. गाडीतही मी मागच्या आसनावर, चालकाच्या तिरक्या बाजूला बसले. ताईला मी आधीच सगळे समजावून सांगितले होते, तरी तिच्या सोसायटीत कुणाला सांगायचे आणि किती, हा प्रश्न उरलाच. किरणोत्सार हा संसर्ग नाही, तो एकाकडून दुसऱ्याकडे वाढत जात नाही आणि दिवसागणिक कमीच होत जातो, हे वाक्य ताईने पाठ केले आणि विचारणाऱ्याला ती तेच सांगत राहिली. विमानतळावरील तपासणी यंत्रे पुढेही बरेच दिवस असा किरणोत्सार ओळखू शकतात, म्हणून रुग्णालयाचे प्रमाणपत्र जवळ बाळगायला सांगितले होते. आम्ही सांगलीला गाडीने परतलो, त्यामुळे ते कामी आले नाही.

खरा थकवा घरी आल्यावर जाणवला. औषध रक्तातून फिरताना हाडांच्या मगजालाही काही किरणोत्सार मिळतो, त्यामुळे साधारण चार ते सहा आठवड्यांनी पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. दर पंधरा दिवसांनी सांगलीतच रक्त तपासून अहवाल मुंबईला पाठवत होतो. दुसऱ्या मात्रेनंतर प्लेटलेट 75 हजारांच्या खाली गेल्या आणि तिसरी मात्रा पुढे ढकलावी लागली. गाठींना सावरायला वेळ मिळेल या विचाराने मी अस्वस्थ होते, परंतु मगज सावरल्याशिवाय पुढची मात्रा देणे धोक्याचे असते, आणि थांबण्याचा तो निर्णय योग्यच होता. नंतर प्लेटलेट आपोआप वाढल्या. या उपचारानंतर शंभरातील दोघांच्या आसपास रुग्णांना पुढे कधीतरी मगजाचा गंभीर आजार होऊ शकतो, हेही मॅडमनी संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितले होते. हे ऐकायला कठीण गेले, तरी ते सांगितले गेले याचे मला समाधान आहे.

उपचाराकडून किती अपेक्षा ठेवायची, हेही त्यांनी आकड्यांत सांगितले. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी हा उपचार घडवला, आणि 2017 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत लहान आतड्यातील अशाच गाठींच्या 229 रुग्णांची तुलना झाली: ल्यूटेशियम मिळालेल्यांपैकी सुमारे 65 टक्के रुग्णांचा आजार वीस महिन्यांनंतरही वाढलेला नव्हता, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडची वाढीव मात्रा मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे 11 टक्के होते. गाठी लक्षणीय आक्रसल्या अशा रुग्णांचे प्रमाण मात्र 18 टक्केच होते. म्हणजे आजार थांबणे हेच येथे यश. नातेवाईक अजूनही “गाठी गेल्या का?” असे विचारतात, तेव्हा त्या आहेत पण थांबल्या आहेत, हे उत्तर मी न संकोचता देते.

चौथ्या मात्रेनंतरच्या गॅलियम स्कॅनमध्ये यकृतातील दोन गाठी लहान झालेल्या दिसल्या, बाकीच्या तशाच होत्या, नवीन काही नव्हते. मांडीच्या हाडातील ठिपका फिका पडला. अशा गाठींतून रक्तात येणारे क्रोमोग्रॅनिन ए हे प्रथिन निम्म्याहून खाली आले. जुलाब जवळजवळ थांबले, आणि लग्नकार्याला गेल्यावर आधी शौचालय कुठे आहे ते शोधायचे, ही अनेक वर्षांची सवय गेली. ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन चालूच आहे. मूत्रपिंडांची क्षमता थोडी उतरली आहे, म्हणून ती नियमित तपासली जाते आणि वेदनाशामक गोळ्या मी विचारल्याशिवाय घेत नाही.

आजार पुन्हा वाढला तर काय, हे मी विचारून ठेवले आहे. मगज आणि मूत्रपिंडे ठीक असली तर ल्यूटेशियमच्या आणखी मात्रा देता येतात. दुसरा मार्ग ॲक्टिनियम-225 चा. तोही किरणोत्सर्गी धातूच, अर्धायुष्य सुमारे दहा दिवस. त्याच वाहकावर तो बसतो, पण बीटाऐवजी अल्फा कण सोडतो, आणि हे कण काही पेशींच्या अंतरापलीकडे जात नाहीत, मात्र तेवढ्या अंतरात फार मोठी ऊर्जा सोडतात. दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी अशा गाठींवर तो वापरून निष्कर्ष प्रसिद्ध केले आहेत. अडचण पुरवठ्याची आहे: तो मुख्यतः थोरियम-229 पासून मिळतो, आणि तसे थोरियम जगात फार थोडे आहे. मॅडमच्या मते आज माझ्यासाठी त्याचा विचार करण्याचे कारण नाही. पुढचा गॅलियम स्कॅन झाल्यावर पाहू, असे त्यांनी सांगितले आहे.